नाताळची शिकार आणि नाताळची मोजणी



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की शाळांना सुट्ट्या लागतात आणि घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. कुणी बाहुबलीला जाते, कुणी मांगीतुंगीला, तर कुणी मुलांना घेऊन एखाद्या धरणाच्या काठी. सुट्टीत कुटुंबाने रानात जावे ही हौस जगभर आहे. मात्र रानात जाऊन काय करावे, याचा एक इतिहास आहे. अमेरिकेतला हा इतिहास आपल्या व्रतांशी फार जवळून जुळतो, म्हणून आज तो सांगते.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नाताळच्या दिवशी एक खेळ चालत असे. गावातले पुरुष आणि मोठी मुले दोन गट पाडत, बंदुका घेत आणि रानात जात. समोर जे दिसेल ते मारायचे, मग तो खाण्याचा पक्षी असो वा चिमणीएवढा जीव. संध्याकाळी दोन्ही गटांचे ढीग समोरासमोर मांडायचे आणि ज्याचा ढीग मोठा तो गट जिंकला. पोटासाठी नाही, धंद्यासाठी नाही, रक्षणासाठीही नाही. केवळ सणाची करमणूक म्हणून हे चाले.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, शेती-व्यापार करताना किंवा संरक्षण करताना जी हिंसा होते, ती गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. मारायचे म्हणून मारणे ही संकल्पी हिंसा, आणि ती श्रावकाला वर्ज्यच. शिवाय तीन गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरमण व्रत आहे. कारण नसताना केलेले पाप म्हणजे अनर्थदंड. नाताळची ती शिकार म्हणजे अनर्थदंडाचे पुस्तकातल्यासारखे उदाहरण होते.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये फ्रँक चॅपमन नावाचे पक्षी-अभ्यासक काम करत. 'बर्ड-लोअर' नावाचे मासिकही ते चालवत. 1900 सालच्या नाताळाला त्यांनी वाचकांना सुचवले की यंदा रानात जा, पण पक्षी मारू नका, मोजा. 25 डिसेंबर 1900 रोजी 27 जणांनी 25 ठिकाणी पक्षी मोजले. कॅनडातील टोरोंटोपासून कॅलिफोर्नियातील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत ही ठिकाणे पसरली होती. सुमारे 90 जातींचे साडेअठरा हजार पक्षी नोंदले गेले.

यात मला आवडलेली गोष्ट अशी की चॅपमन यांनी सण बंद करा असे म्हटले नाही. रान तेच, सुट्टीही तीच ठेवली. फक्त हातातली बंदूक काढून वही-पेन्सिल दिली. मुलांना 'हे करू नका' एवढेच सांगितले तर ती ऐकत नाहीत. त्या जागी दुसरे काही करायला दिले तर ऐकतात, हे आपल्याला घरात रोजच दिसते.

या बदलामागे बायकांचा मोठा वाटा होता. त्या काळी युरोप-अमेरिकेत पक्ष्यांच्या पिसांनी सजवलेल्या टोप्यांची फॅशन होती. नुसती पिसेच नव्हे, तर पेंढा भरलेले अख्खे पक्षीसुद्धा टोपीवर बसवत. 1886 मध्ये याच चॅपमन यांनी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोनदा फेरफटका मारून बायकांच्या टोप्या मोजल्या. 700 टोप्यांपैकी 542 टोप्यांवर पक्षी किंवा पक्ष्यांची पिसे होती. शेकडा हिशेब केला तर हे प्रमाण 77 येते.

सर्वांत जास्त मागणी पांढऱ्या बगळ्यांच्या नाजूक पिसांना होती. ही पिसे विणीच्या हंगामातच येतात. त्यामुळे शिकारी नेमके तेव्हाच, घरट्यांवर बसलेले बगळे मारत आणि मागे राहिलेली पिल्ले भुकेने मरत. वजनाला सोन्यापेक्षाही जास्त भाव या पिसांना मिळत होता. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून मला यात सरळ बाजाराचा नियम दिसतो. बंदूक फ्लोरिडाच्या दलदलीत सुटत होती, पण तिची ऑर्डर शहरातल्या टोपीच्या दुकानात दिली जात होती.

हे बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे यांच्या लक्षात आले. 1896 मध्ये त्यांनी आपली नातलग मिना हॉल हिला सोबत घेतले आणि शहरातल्या प्रतिष्ठित घरांची यादी समोर ठेवून बायकांना चहाला बोलवायला सुरुवात केली. 'पिसांची टोपी घालणार नाही' एवढेच वचन त्या मागत. बघता बघता सुमारे 900 बायका सामील झाल्या आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. मग इतर राज्यांत अशाच संस्था निघाल्या. इंग्लंडमध्ये तर 1889 मध्येच मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी घरच्या बैठकीतून असेच काम सुरू केले होते. आज तीच संस्था पक्षीरक्षणासाठी जगभर ओळखली जाते. हिंदुस्थानातूनही पिसे परदेशी जात. 1902 मध्ये सरकारने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली.

या बायकांना आपले शास्त्र ठाऊक नव्हते. पण कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द आठवून बघा. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे, या तिन्हींचा दोष आपण मानतो. टोपी विकत घेणाऱ्या बाईने बंदूक कधी पाहिलीही नसेल. तरी तिच्या पैशाने ती बंदूक चालत होती, हे हेमेनवेबाईंनी चहाच्या टेबलावर समजावून सांगितले.

या इतिहासात एक मोठे कुटुंबही येते. थिओडोर रूझवेल्ट 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना सहा मुले होती. या घरात नाताळचे झाड आणण्याची रीत नव्हती. 1902 च्या नाताळात आठ वर्षांच्या आर्चीने व्हाइट हाउसमधल्या सुताराच्या मदतीने एका मोठ्या कपाटात छोटेसे झाड लपवून सजवले आणि सकाळी सगळ्यांना चकित केले. त्यावर घरच्यांसाठी भेटी होत्याच, पण कुत्रा, मांजर आणि तट्टू यांच्यासाठीही होत्या. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी एका पत्रात ही हकीकत कौतुकाने लिहिली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 14 मार्च 1903 रोजी रूझवेल्ट यांनी फ्लोरिडातील पेलिकन आयलंड हे बेट पक्ष्यांसाठी राखीव केले. त्यासाठी त्यांच्याकडे आग्रह धरणाऱ्यांत चॅपमनही होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात रूझवेल्ट यांनी अशी 51 पक्षी-अभयारण्ये केली. मात्र कायदा झाला म्हणून लोभ संपला नाही. 1905 मध्ये फ्लोरिडातच बगळ्यांची राखण करणारा गाय ब्रॅडली शिकाऱ्याच्या गोळीने मेला.

त्याच वर्षी रूझवेल्ट यांच्या पत्नी एडिथ यांनी व्हर्जिनियाच्या रानात पाइन नॉट नावाचे साधे लाकडी घर घेतले. तिथे नळ नाही, वीज नाही. नाताळ झाला की हे कुटुंब तिथे काही दिवस राहायला जाई. मुले रानात हिंडत आणि वडील पक्ष्यांचे आवाज ओळखत. पण त्याच रानात 1906 मध्ये रूझवेल्ट यांनी मोठ्या अभिमानाने रानटर्की मारली. पुढच्या वर्षी तिथेच त्यांना प्रवासी कबुतरांचा छोटा थवा दिसला. कधीकाळी कोट्यवधींनी असलेली ही जात माणसाने मारून संपवत आणली होती. तिचे शेवटचे कबुतर 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले.

एकाच माणसाने 51 अभयारण्ये करावीत आणि सुट्टीत बंदूकही उचलावी, हे आपल्याला पटत नाही आणि पटूही नये. त्यांना पक्ष्यांची जात वाचवायची होती. आपण प्रत्येक जीव वेगळा मानतो. हा फरक लहान नाही. तरीही त्या अभयारण्यांत जी पिल्ले जगली, ती जगलीच, हेही मान्य करायला हवे.

आता थोडे आपल्याकडे बघूया. आपल्या मुनिमहाराजांच्या हातातली पिच्छी मोराने स्वतःहून टाकलेल्या पिसांची असते. पिसे हवीत, पण मोराला धक्का नको, ही आपली परंपरा. मग लग्नसराईत रेशमी साडी घेताना हाच प्रश्न आपण विचारतो का? नेहमीच्या रेशमासाठी कोष उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आतला जीव आतच असतो. पतंग बाहेर पडल्यावर सूत काढलेले अहिंसा रेशीमही आता मिळते. 900 बायकांनी टोपी सोडली तर बाजार हलला. आपल्या गावच्या महिला मंडळात किती जणी आहेत, ते तुम्हीच मोजा.

चॅपमन यांची मोजणी आजही चालू आहे. दरवर्षी 14 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात लोक, कित्येकदा अख्खी कुटुंबे, दिवसभर पक्षी मोजतात. सव्वाशे वर्षांच्या त्या नोंदींवरून कोणता पक्षी वाढला आणि कोणता कमी झाला, हे अभ्यासकांना कळते.

यंदा सहलीला जाताना नातवंडांच्या हाती एक वही द्या. दर्शन झाल्यावर डोंगरावर अर्धा तास शांत बसा. बुलबुल किती, साळुंक्या किती, तळ्यावर बगळे किती, ते लिहून ठेवा. फांद्या मोडायच्या नाहीत, पाने तोडायची नाहीत, घरट्याजवळ जायचे नाही, एवढे आधीच सांगा. आपल्याला सूर्यास्ताच्या आत जेवायचे असतेच, तेव्हा डबा लवकर उघडा आणि पाखरे झाडावर परतताना शेवटची मोजणी करा. वहीवर तारीख आणि ठिकाण लिहा, म्हणजे पुढच्या डिसेंबरला त्याच जागी बसून ताडून पाहता येईल.