शॉकअप, ई-सायकलीचा

विजेवरच्या सायकलीचे पुढचे चाक धरणारा, आत स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असलेला चिमटा. त्याच्या वरच्या दोन नळ्या खालच्या पायांत सरकतात. धक्का स्प्रिंग घेते. चांगल्या प्रतीच्या शॉकअपात तेल असते, ते स्प्रिंगला एकदम उसळू देत नाही. नळ्या जास्तीत जास्त जेवढ्या सरकतात त्या अंतराला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात.

२५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या ई-सायकलीला भारतात नोंदणी लागत नाही. ती सायकलच मानली जाते आणि निगाही सायकलीइतकीच, म्हणजे जवळजवळ नाहीच, राखली जाते. वास्तविक बॅटरी-मोटरसह तिचे वजन बहुधा २० ते २५ किलो भरते आणि ब्रेक दाबला की तो भार पुढच्या चिमट्यावर येतो. मोटरसायकल इंजिन ऑइलच्या निमित्ताने तरी मिस्त्रीच्या हाताखालून जाते. ई-सायकलीला ते निमित्तही नाही.

औसा तालुक्यातील किल्लारीसारख्या गावी ही हयगय लवकर भोवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसले, शेते होती तिथेच राहिली. घर ते शेत या वाटेत डांबरीही येते आणि पाणंदही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रस्ता सपाट राहत नाही. पावसाळ्यात चिखल चाक आणि चिमट्याच्या कमानीमध्ये गच्च बसतो. तो नळीवर वाळला की प्रत्येक धक्क्याला रबरी सील घासतो.

जुळवणी स्वाराच्या वजनावर होते. वरच्या नळीला केबल टाय बांधून तो सीलपर्यंत खाली सरकवावा, अलगद बसावे, न उसळता उतरावे. टाय वर सरकला ते अंतर ट्रॅव्हलच्या साधारण पाव भाग असावे. १०० मिलिमीटरला २५. कॅरिअरवर रोज चाऱ्याचा भारा असेल तर तो बांधूनच मोजावे. स्प्रिंगच्या शॉकअपात वरचा खटका फिरवून हे अंतर कमी-जास्त करता येते, पण स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. खटका पूर्ण आवळूनही चिमटा फार बसत असेल तर जाड स्प्रिंगच हवी.

हवेच्या शॉकअपाचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या ट्यूबसारखाच असतो, म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा मोह होतो. तो टाळावा: आतली पोकळी एवढीशी, क्षणात दाब भलतीकडे जातो. त्यासाठी काटा असलेला छोटा शॉक पंप मिळतो. शिवाय टायर दगडासारखा टणक भरला असेल तर शॉकअपाला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

नळ्या ओल्या फडक्याने पुसणे हे देखभालीतले पहिले आणि बहुतेकांकडून राहून जाणारे काम. वॉशिंग सेंटरचा फवारा सीलवर मारू नये. पाणी आत शिरते. चेनचे तेल नळीला लावले की धूळ चिकटते. नामांकित कंपन्या साधारण ५० तास चालवल्यावर खालचे पाय उतरवून साफ करायला आणि नवे तेल घालायला सांगतात. धुळीत हे आधीच करावे. इंजिन ऑइल त्याला चालत नाही. सीलमधून झिरपलेले तेल डिस्कवर पोचले तर ब्रेक लागत नाही, म्हणून गळका शॉकअप ‘चालतोय की’ म्हणून चालवू नये.

ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवताना ‘टक’ असा आवाज आला की दोष बहुधा शॉकअपाला लावला जातो. अनेकदा तो कोनसेटच्या, म्हणजे हँडल फिरते त्या बेअरिंगच्या, ढिलेपणाचा असतो. चिमटा जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे बोट ठेवून पाहिल्यास कळते.

जुन्या सायकलीला मोटरचे किट बसवताना पुढच्या चाकातली मोटर शॉकअपाच्या चिमट्यात घालणे धोक्याचे आहे. मोटरचा पीळ आस उलटा फिरवू पाहतो आणि शॉकअपाचे ओतीव पाय, विशेषतः मॅग्नेशियमचे, तो पेलण्यासाठी केलेले नसतात. आस बसतो ती खाच तुटली तर चाकच सुटते. अशा सायकलीला मोटर मागच्या चाकात घ्यावी आणि तिथेही आसाला पीळ रोखणारी पट्टी लावावी.