द्राक्षवेलीची झोप

दिवाळीत आजोळी गेलो की फराळाआधी बागेत जायचे, हे आम्हां मुलांना कधीच पटले नाही. नाशिकजवळ आजोबांची लहानशी द्राक्षबाग होती. अभ्यंगस्नानाचे तेल अजून केसांत असे, आणि आजोबा आमच्या हाती जुन्या धोतराची टोके देत. आम्ही ते वेलीखाली ताणून धरायचे, त्यांनी काडी हलवायची. उडदाएवढे भुंगेरे टपटप खाली पडत. ते दूर नेऊन जाळायचे. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. फटाके बिचारे वाट पाहात.

पुढे कधीतरी पुणे जिल्ह्याचे १८८५ सालचे गॅझेटियर चाळताना मी थबकलो. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवरची कीड फडक्यात झटकून लांब नेऊन जाळतात, आणि फूट इंचभर होईपर्यंत दिवसातून तीनदा हे करतात, अशी त्यात नोंद होती. कीड कोणती, ते साहेबाने नीट सांगितलेले नाही. पण तो आमचा उडद्याच असावा, यात मला शंका नाही.

हे काम ऐन दिवाळीत यायचे कारण आश्विनातली छाटणी. इराणात किंवा फ्रान्समध्ये हिवाळा आला की द्राक्षवेल पाने टाकते आणि झोपी जाते. माळी त्या झोपेत एकदाच कात्री चालवतो. आपल्या दख्खनची थंडी मोठी चमत्कारिक. पौषात पहाटे बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, विहिरीचे पाणी सोडावे लागते, नाहीतर घडांतले मणी तडकतात. पण वेलीला गाढ झोप लागावी इतकी काही ती पडत नाही. इथली वेल बारमाही जागी. तिचा हिवाळा माळ्यानेच कात्रीने घडवायचा, तोही वर्षातून दोनदा.

१३४२ च्या सुमारास दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात असे लिहून ठेवले. पाहुण्याला त्याचे कौतुक वाटणारच. बागवानाला मात्र त्याची किंमत ठाऊक होती. त्याच गॅझेटियरात माघ-फाल्गुनापर्यंतच्या गोड बहरासाठी केवढा खटाटोप वर्णिला आहे! पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवायची, मुळाशी मीठ, मेंढ्यांच्या लेंड्या आणि सुकी मासळी घालायची. श्रावणातला आंबट बहर मात्र कोणी वाढू देत नसे. त्याने वेल थकते, असा समज होता. आज चैत्रातल्या खरड छाटणीत एक-दोन डोळे राखून बाकी काडी कापून टाकतात, ती फळासाठी नव्हेच. उन्हाळ्यात नवी काडी यावी, तिच्या डोळ्यांत घड धरावा आणि आश्विनात तो डोळा उघडावा, एवढ्यासाठी. येणारे एक पीक सोडून देण्याची ही अक्कल कोणाची, त्या बागवानाचे नाव कुठेच नाही.

नाव राहिले ते मिलार्देचे. फ्रान्समधल्या मेडोक भागात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे त्याने १८८२ मध्ये हेरले आणि १८८५ साली, म्हणजे आपल्या गॅझेटियरच्याच वर्षी, बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवले. चोरांचे असे उपकार क्वचितच होतात!

आजोबाही तेच मिश्रण फवारीत. पण एका मार्गशीर्षात, बाग फुलोऱ्यात असताना, तीन दिवस पाऊस लागला. फवारलेले सारे धुऊन गेले. पानांवर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि आठवड्याभरात घड काळे पडून गळाले. त्या वर्षी मामाचे कॉलेज सुटले, आजीच्या पाटल्या गेल्या. बाग काढून ऊस लावा, असे सगळे म्हणत होते. माझे वडीलही म्हणाले.

चैत्रात आजोबांचे कार्ड आले. दोनच ओळी होत्या. ‘खरड छाटणी झाली. दिवाळीस मुलांना पाठवणे, धोतर ठेवले आहे.’