इयागो
विल्यम शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ (पहिला नोंदलेला प्रयोग 1604) या शोकांतिकेतील खलपात्र. सेनापती ऑथेल्लोचा निशाणधारी. नाटकातील जवळजवळ प्रत्येक जण त्याला प्रामाणिक म्हणतो. विशेष म्हणजे, तो उघड खोटे फार कमी वेळा बोलतो. पद गमावलेला ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ याला तो ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना हिच्याकडे रदबदलीसाठी जायला सांगतो. सल्ला खरोखरच चांगला असतो आणि तोच सापळा ठरतो. तिसऱ्या अंकात तो ऑथेल्लोला मत्सरापासून सावध करतो, बोलता बोलता थबकतो, शंका सांगायला नाखुशी दाखवतो. डेस्डिमोना आणि कॅसिओ यांच्याविषयीचा संशय मात्र ऑथेल्लोच्याच मनात वाढू देतो. कॅसिओपुढे लौकिकाला तुच्छ ठरवणारा इयागो ऑथेल्लोपुढे त्याच लौकिकाला अमोल म्हणतो. डेस्डिमोनाच्या रुमालाचा रचलेला पुरावा आणि कॅसिओच्या नावावर सांगितलेले बनावट स्वप्न मात्र निखालस कपट आहे.

स्वगतांत तो हेतू सांगतो: हुकलेली बढती, पत्नी एमिलियाविषयीचा संशय, डेस्डिमोनाची अभिलाषा. यांपैकी कोणताही हेतू तो फार काळ धरून ठेवत नाही, म्हणून इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजला ही सबबींची शोधाशोध वाटली. तरी बढतीचा सल खोटा मानण्याचे कारण नाही. नाटकाला आधारभूत असलेल्या इटालियन लेखक चिंथिओच्या कथेत (1565) निशाणधाऱ्याचा हेतू सरळ आहे: नाकारलेले प्रेम. शेक्सपिअरने तो धूसर केला, हे त्याचे मोठे नाट्यकौशल्य. पकडल्यावर इयागो कारण सांगायला साफ नकार देतो.

मराठीत ‘ऑथेल्लो’चे महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेले भाषांतर 1867 मध्ये आले; गो. ब. देवलांचे ‘झुंझारराव’ हे याच नाटकाचे रूपांतर.