मेजावरचें बिनतारी केंद्र



गेल्या दिवाळींत कसबा पेठेंतील आमच्या घरीं एक नवी वस्तु आली. वस्तु अपूर्व मुळींच नव्हे; शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ती आज आढळते. संगणकाचा बिनतारी कीबोर्ड आणि त्याच्या जोडीचा बिनतारी माउस. जुन्या कीबोर्डची वायर मेजावरून खालीं लोंबे, आणि तींत पाय गुंतून मी दोन वेळां पडतां पडतां वांचलों होतों. म्हणून सूनबाईंनीं तपकीर गल्लींत जाऊन ही जोडी आणली व "बाबा, आतां वायरीची भानगडच नको," असें म्हणून माझ्यापुढें ठेवली.

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत. चौतीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना बाराखडी, पाढे आणि शिवरायांचा इतिहास शिकविण्यांत गेलीं. तेव्हां विद्युच्छास्त्रावर बोलण्याचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु खोक्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचतां वाचतां मी एका ओळीपाशीं थबकलों. हीं यंत्रें ज्या रेडिओलहरींवर चालतात त्यांचें मान तेथें दिलें होतें: २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनें. तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें कीं, हा कीबोर्ड म्हणजे ऐकणारा रेडिओ नव्हे. हा बोलणारा आहे. कळ दाबतांच तो एक लहानसा संदेश हवेंत सोडतो, आणि संगणकाच्या कुशींत खोवलेला नखाएवढा डोंगल तो टिपून घेतो. माउसही तेंच करतो. म्हणजे कोणाची परवानगी न घेतां माझ्या मेजावर दोन प्रक्षेपक यंत्रें येऊन बसलीं होतीं. ज्यानें थोडाबहुत इतिहास वाचला आहे, त्याला ही गोष्ट साधी वाटणें शक्य नाहीं.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, आमच्या वाड्यांत रेडिओ असणारीं बिऱ्हाडें मोजकींच होतीं. त्यांत आमचें एक. रेडिओबरोबर एक लहानसें पुस्तकही घरांत असे. तो परवाना. दर वर्षीं पोस्टांत जाऊन पैसे भरावयाचे, पुस्तकांत तिकीट चिकटवून घ्यावयाचें आणि त्यावर शिक्का उमटवून आणावयाचा. हें काम वडील मला सांगत. रांगेंत उभा असतां मीं एकदां कारकुनाला विचारलें कीं, गाणें ऐकावयाला सरकारची परवानगी कशाला? तो हंसून म्हणाला, "बाळ, कायदा आहे." एवढ्यावर माझें समाधान झालें नाहीं, परंतु मागें रांग मोठी होती.

तो कायदा कोणता, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें तारेनें संदेश धाडण्याचा हक्क सरकारनें आपल्या हातीं घेतला होता. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें त्यावर कळस चढविला: परवान्यावांचून बिनतारी यंत्र नुसतें जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. सरकारच्या बाजूनें पाहिलें तर ह्यांत नवल नव्हतें. तार तोडतां येते, तिच्या टोकाशीं कोण बसला आहे तें पाहतां येतें. लहरीला ना कुंपण, ना टोक.

बिनतारीचा आणि पुण्याचा संबंध तसा जुना आहे. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी संदेशांची ये-जा सुरू झाली, तेव्हां संदेश सोडण्याचें केंद्र आपल्या खडकीस होतें आणि तिकडून आलेले संदेश घेण्याचें केंद्र दौंडास. एकाच जागीं दोन्हीं कामें ठेविलीं असतीं, तर खडकीच्या गर्जनेंत विलायतेहून येणारा क्षीण आवाज बुडून गेला असता; म्हणून मध्यें एवढें अंतर. माझ्या मेजावर संदेश सोडणारा आणि घेणारा यांच्यामध्यें आज दोन हातांचें अंतर आहे. त्याच सालीं २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि ऐकणाऱ्यांना वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागूं लागला. त्या काळीं दहा रुपये ही थोडी रक्कम नव्हती.

ऐकण्याची ही अवस्था, तर बोलण्याची काय असेल? तिचें उत्तर १९४२ सालांत आहे.

८ ऑगस्टला मुंबईस गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे पुढारी पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. देशांत काय चाललें आहे हें देशालाच कळेनासें झालें. अशा वेळीं उषा मेहता नांवाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें आणि तिच्या सोबत्यांनीं एक गुप्त प्रक्षेपक उभा केला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरांच्या लहरीवर 'काँग्रेस रेडिओ' बोलूं लागला. केंद्र कोठें आहे, तर हिंदुस्थानांत कोठेंतरी, एवढेंच श्रोत्यांना सांगण्यांत येई. आपल्या विदर्भांतील चिमूर-आष्टीच्या अत्याचारांची हकीकत जेव्हां छापील कागदावर येऊं शकत नव्हती, तेव्हां ती ह्या रेडिओवरून लोकांच्या कानीं गेली. पोलीस लहरींचा माग काढीत असत. म्हणून यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत, तेथून तिसऱ्या घरांत हलवीत राहावें लागे. अडीच महिने हा लपंडाव चालला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं दारें फोडून प्रवेश केला, तेव्हांही कार्यक्रम चालूच होता. आंतल्याच एका तंत्रज्ञानें पत्ता फोडला होता.

उषाबाईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्यांची रवानगी येरवड्यास झाली. १९४६ त त्या सुटल्या. आमच्या घरापासून तें कारागृह फार दूर नाहीं; नदीपलीकडे गेलें कीं थोड्या वेळांत त्याच्या भिंती दिसतात. एका प्रक्षेपकापायीं चार वर्षें! आणि येथें माझा नातू ह्या माउसवर हात ठेवून पतंगांचीं चित्रें रंगवितो, तेव्हां त्याचा प्रक्षेपक दर क्षणीं बोलत असतो.

काँग्रेस रेडिओ बोलूं लागण्याच्या सोळाच दिवस आधीं, ११ ऑगस्ट १९४२ रोजीं, अमेरिकेंत एक पेटंट मंजूर झालें. त्याचे मालक दोघे: हेडी लमार ही सिनेमाची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार. पाणतीराला बिनतारी लहरींनीं दिशा द्यावयाची, तर शत्रु त्याच लहरीवर गोंगाट करून ती बिघडवील. म्हणून सोडणाऱ्यानें व घेणाऱ्यानें आधीं ठरवून दोघांनींही एकाच वेळीं एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारीत राहावें, अशी त्यांची युक्ति. लहरी किती, तर ८८. पियानोला पट्ट्या तितक्या! कल्पना आणखी कांहीं जणांनाही सुचली होती, आणि अमेरिकेच्या आरमारानें त्या युद्धांत ह्या पेटंटाचा उपयोग केला नाहीं. तरी मुंबईंत यंत्र घर बदलीत होतें आणि अमेरिकेंत कागदावर लहर जागा बदलूं लागली होती, हा योगायोग मला फार मोठा वाटतो. पुढें ब्लूटूथ नांवाच्या पद्धतीनें हीच युक्ति घराघरांत नेली. तिच्या मूळ रूपांत लहर ७९ जागांमध्यें सेकंदाला १६०० वेळां बदलते.

माउसविषयीं थोडक्यांत सांगतों. डग्लस एंगेलबार्ट यानें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस तो जगाला दाखविला. पहिला नमुना लांकडी ठोकळ्याचा होता, आणि शेंपटासारखी वायर असल्यानें त्याचें हें नांव पडलें. आतां शेंपूट गळलें, नांव राहिलें.

मग परवान्याचें काय झालें? ऐकण्याच्या रेडिओचा परवाना १९८० च्या दशकांत गेला, आणि माझी पोस्टाची रांग संपली. बोलण्याच्या यंत्रांना मात्र आणखी थांबावें लागलें. ज्या लहरींवर मायक्रोवेव्ह भट्टी अन्न तापविते, त्याच पट्ट्यांतील लहरी अल्पशक्तीच्या यंत्रांना १९८५ सालीं अमेरिकेनें मोकळ्या करून दिल्या. आपल्याकडे २८ जानेवारी २००५ च्या नियमांनीं २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यांतून मुक्त झाला. घरांतील वायफाय आणि माझ्या मेजावरची ही जोडी, सर्व ह्या एका मोकळ्या पट्ट्यांत नांदतात. पुढें २०२३ सालीं संसदेनें नवा दूरसंचार कायदा करून १८८५ व १९३३ च्या दोन्हीं कायद्यांची जागा त्याला दिली. ही मुक्तता योग्यच झाली असें माझें मत आहे. लहर जर दहावीस हातांवर विरून जाणार, तर तिच्यापायीं गृहस्थाला रांगेंत कशाला उभें करावयाचें?

एवढ्या यंत्रांच्या गर्दींत माझा डोंगल माझाच कीबोर्ड कसा ओळखतो, असें आपण विचाराल. आमच्या तांबट आळींत एका वेळीं अनेक हातोडे वाजत असतात. प्रत्येकाचा ठोका त्याच्या शेजाऱ्याला ओळखतां येतो. तसाच कीबोर्डच्या प्रत्येक संदेशावर त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि डोंगल इतरांकडे दुर्लक्ष करतो.

परंतु दुर्लक्ष करणें निराळें आणि ऐकूं न येणें निराळें. मुद्दाम कान लावणाऱ्याला सगळेच ठोके ऐकूं येतात. २०१६ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, आठ कारखानदारांचे कांहीं स्वस्त बिनतारी कीबोर्ड प्रत्येक अक्षर उघड्या रूपांत, सांकेतिक लिपींत न बदलतां, हवेंत सोडतात, आणि २५० फुटांवरून तें कोणालाही टिपतां येतें. २५० फुटांत कसबा पेठेंत किती बिऱ्हाडें येतात, हें येथें राहणाऱ्यालाच ठाऊक! जुन्या वाड्यांत कुडापलीकडचें बोलणें ऐकूं येई, म्हणून आमची आई पैशांची गोष्ट निघाली कीं आवाज बारीक करी. वाडा पडून इमारत झाली, भिंती सिमेंटच्या झाल्या. लहरीला त्या भिंतींतूनही वाट मिळते.

सर्वच कीबोर्ड असे नसतात. चांगल्या जातीचे प्रत्येक अक्षर गुप्त लिपींत गुंडाळून पाठवितात, आणि खोक्यावर तसें लिहिलेलें असतें. मीं आमचें खोकें पुन्हां काढून उलटसुलट पाहिलें. तसा उल्लेख कोठें सांपडला नाहीं. मुलाला सांगितलें तर तो म्हणाला, "बाबा, तुमचीं भाषणें चोरून कोण ऐकणार?" ह्यांत त्याचें म्हणणें खोटें नाहीं. हें भाषणही मीं त्याच कीबोर्डवर लिहिलें. कळांवर मराठी अक्षरें नव्हतीं, म्हणून चिकटपट्टीचे तुकडे लावून १९८६ च्या इनस्क्रिप्ट पद्धतीनें डाव्या हाताला काना-वेलांट्या आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनें अशी मांडणी करून घेतली. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकीं कोणीं हें आधींच टिपलें असेल तर त्याला आज पुन्हां ऐकावें लागलें, एवढेंच.

पेन्शनचे पैसे ज्या बँकेंत येतात तिचा परवलीचा शब्द मात्र मी ह्या कीबोर्डवर लिहीत नाहीं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत नातू माळ्यावर चढून जुना, वायरीचा कीबोर्ड काढून देतो. बिनतारी कीबोर्डचें मागचें बटण बंद करून आम्ही तो बाजूला सारतों, वायर संगणकाला जोडतों, आणि बँकेचें काम संपेपर्यंत मी पाय खुर्चीखालीं ओढून बसतों.