शीतपेये का टाळावीत? कीटकनाशकांची धास्ती आणि साखरेचा हिशेब

(आमच्या प्रतिनिधीकडून)

जुन्नर - उन्हाळा सुरू झाला, की पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा येथील दुकानांत शीतपेयांची मागणी वाढते. लग्नसराईत पाहुण्यांच्या हाती थंड बाटली देणे हा आता पाहुणचाराचाच भाग झाला आहे. तरीही 'मला नको' म्हणणारी मंडळी प्रत्येक समारंभात असतात. कोणी मधुमेहामुळे नकार देतो, कोणी आम्लपित्तामुळे, तर कोणाच्या मनात कीटकनाशकांच्या जुन्या बातम्या घर करून असतात. ही सर्व कारणे मात्र सारख्याच वजनाची नाहीत. काहींना भक्कम शास्त्रीय आधार आहे, काहींना मर्यादित आधार आहे, तर काही निव्वळ ऐकीव आहेत.

कीटकनाशकांचा वाद

शीतपेयांविषयीच्या संशयाला देशभर तोंड फुटले ते ऑगस्ट २००३ मध्ये. दिल्लीतील 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने शीतपेयांच्या बारा ब्रँडची तपासणी करून त्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. प्रकरण संसदेत गेले आणि संयुक्त संसदीय समिती नेमण्यात आली. पुणे जिल्ह्याचेच नेते शरद पवार या समितीचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी २००४ मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा निष्कर्ष ग्राह्य धरला आणि शीतपेयांसाठी स्वतंत्र मानके ठरविण्याची गरज मांडली.

ऑगस्ट २००६ मध्ये याच संस्थेने बारा राज्यांतील २५ कारखान्यांत तयार झालेल्या शीतपेयांचे ५७ नमुने तपासले. एक अब्ज भागांत सरासरी ११.८५ भाग कीटकनाशके आढळल्याचा तिचा दावा होता. भारतीय मानक ब्यूरोने तयार केलेल्या, परंतु तोवर अधिसूचित न झालेल्या मर्यादेच्या हे प्रमाण सुमारे २४ पट होते. केरळ सरकारने कोका-कोला आणि पेप्सीवर बंदी घातली. ती सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. पुढे २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत कार्बनयुक्त पाण्यातील अनेक कीटकनाशकांसाठी प्रत्येकी लिटरमागे ०.००१ मिलीग्रॅम ही मर्यादा आली.

जुन्नर-आंबेगावच्या द्राक्ष उत्पादकाला ही भाषा नवी नाही. युरोपात द्राक्षे पाठवायची, तर औषधांच्या उर्वरित अंशाची चाचणी अटळ असते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या तपासणीसाठी देशाची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते. क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने २०१० मध्ये भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले, तेव्हा राज्यातील बागायतदारांना मोठा फटका बसला होता. त्या वादाचा खरा धडाही हाच आहे. शेतात फवारलेले औषध जमिनीत आणि भूजलात मुरते, आणि तेच पाणी नीट शुद्ध केले नाही तर बाटलीतही उतरते. म्हणजे हा प्रश्न केवळ शीतपेयांचा नसून पाणी, दूध आणि भाजीपाला यांचाही आहे.

साखर हेच मुख्य कारण

कीटकनाशकांचा गाजावाजा अधिक झाला, तरी शीतपेये टाळण्याचे सर्वांत सबळ कारण साखर हे आहे. नेहमीच्या कोलामध्ये शंभर मिलीलिटरमागे सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. तीनशे मिलीलिटरची बाटली संपविली, की तीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे साधारण आठ चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसभरातील एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी उष्मांक अशा वरून घातलेल्या साखरेतून यावेत आणि शक्यतो हे प्रमाण पाच टक्क्यांखाली असावे. पाच टक्के म्हणजे प्रौढ व्यक्तीसाठी सुमारे २५ ग्रॅम. ही मर्यादा एकाच बाटलीत ओलांडली जाते.

द्रवरूप साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही. त्यामुळे जेवण कमी होत नाही आणि उष्मांक मात्र वाढतात. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार रोज एक-दोन वेळा गोड पेये घेणाऱ्यांत, ती क्वचितच घेणाऱ्यांच्या तुलनेत, टाइप-२ मधुमेहाचा धोका २६ टक्के अधिक आढळला.

'मी तर सडपातळ आहे, मला काय होणार', हा समज आपल्याकडे विशेष धोक्याचा आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक डॉ. जॉन एस. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या अभ्यासातही नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अधिक चरबीची असल्याचे दिसून आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

दात, हाडे आणि मुतखडा

कोलाचा पीएच साधारण २.५ असतो. तोंडातील पीएच ५.५ च्या खाली गेला, की दातांचे एनॅमल झिजू लागते. घोटघोट, दीर्घकाळ पीत राहिल्यास ही हानी वाढते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांची खुब्यातील अस्थिघनता कमी आढळली. पुरुषांत मात्र तसे दिसले नाही. २०१३ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात रोज साखरयुक्त कोला पिणाऱ्यांना मुतखड्याचा धोका, आठवड्यातून एकाहून कमी वेळा पिणाऱ्यांपेक्षा २३ टक्के अधिक होता. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो. थेट कारण सिद्ध होतेच असे नाही. आम्लपित्त किंवा घशाशी येण्याचा त्रास असलेल्यांना वायूयुक्त पेयांनी तो वाढल्याचा अनुभव येतो.

मुले, कॅफीन आणि 'डाएट'

कोलाच्या तीनशे मिलीलिटरच्या बाटलीत साधारण तीस मिलीग्रॅम कॅफीन असते. कॉफीच्या मानाने ते कमी असले, तरी लहान मुलांचे वजन पाहता दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मुलांची झोप त्याने बिघडू शकते. एनर्जी ड्रिंकमध्ये हे प्रमाण बरेच अधिक असते. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या उपाहारगृहात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत, साखर, मीठ वा चरबी अधिक असलेले पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास मनाई आहे.

'डाएट' पेयांत साखर नसते. अॅस्पार्टेमसारखे कृत्रिम गोडवे असतात. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अॅस्पार्टेम टाळावेच लागते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जुलै २०२३ मध्ये ते 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. मात्र त्याच वेळी तज्ज्ञ समितीने शरीराच्या प्रति किलो वजनामागे दररोज ४० मिलीग्रॅम ही जुनी सुरक्षित मर्यादा कायम ठेवली. वजन घटविण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी दिला.

ऐकीव गोष्टी

छत्तीसगडमधील काही शेतकरी भातावर कोला फवारतात, अशा बातम्या २००४ मध्ये आल्या होत्या. 'कोलात विष असल्याने कीड मरते' असा अर्थ अनेकांनी काढला. साखरेमुळे मुंग्या येतात आणि त्या अळ्या खातात, असे स्पष्टीकरण जाणकारांनी दिले होते. रात्रभर कोलात ठेवलेला दात विरघळून नाहीसा होतो, ही गोष्टही खरी नाही. तो हळूहळू झिजतो.

पर्याय निवडताना

ताक, शहाळे आणि बेताच्या साखरेचे लिंबू सरबत किंवा कोकम सरबत हे चांगले पर्याय आहेत. रसवंतीतील उसाचा रस नैसर्गिक असला, तरी त्यातील साखर शीतपेयाइतकी किंवा त्याहून अधिक भरते, हे मधुमेहींनी विसरू नये. बाटलीवर साखरेचा आकडा बहुधा शंभर मिलीलिटरमागे दिलेला असतो. त्याचा बाटलीच्या मिलीलिटरमधील मापाशी गुणाकार करून शंभरने भागावे आणि येणाऱ्या ग्रॅमना चारने भागावे. चमच्यांचा हिशेब मिळतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा मुतखडा असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही पेये टाळणे इष्ट. निरोगी माणसाने सणासमारंभात कधीतरी एखादा पेला घेतला, तर घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोजच्या सवयीत. आणि घरी आलेल्या पाहुण्याने 'नको' म्हटले, तर आग्रह न करणे हाही पाहुणचारच होय.