मोहोरबंद चलच्चित्रे

संगणकांच्या जाळ्यावरून फाईल धाडण्याची जी नियमावली पुढे एफटीपी या नावाने रूढ झाली, तिचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ या तारखेचा असून तो सिद्ध करणारे अभय भूषण हे अलाहाबादेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून एमआयटीत गेलेले अभियंते होते, ही गोष्ट आपल्याकडे जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही. ज्या अर्पानेट नावाच्या जाळ्यासाठी हा मसुदा झाला त्याची वाहिनी सेकंदाला ५० हजार बिट वाहून नेई. लग्नाच्या एक जीबीच्या व्हिडिओस त्या वाटेने ४४ तास लागले असते. गोपनीयतेची चिंता तर बेताचीच होती, कारण जाळ्यावरील मंडळी विद्यापीठांतली, बहुधा परस्परांस ओळखणारी. त्यामुळे पासवर्डदेखील उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे, आणि हा भोळेपणा पुढे फार महागात पडला.

ईमेलला फाईल जोडण्याची सर्वमान्य रीत आली ती १९९२ मध्ये. त्या वर्षी ११ मार्चला नॅथॅनियल बोरेन्स्टाइन यांनी आपल्या चार गायकांच्या मेळाचे छायाचित्र आणि त्याच मेळाचे गाणे जोडून धाडले. मात्र हे टपाल मूलतः अक्षरांपुरते घडविलेले असल्यामुळे दर तीन बाइटांची चार अक्षरे करावी लागत, आणि ओझे निघतानाच एक तृतीयांशाने वाढे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट खुले केले, तेव्हा ९,६०० बिटांच्या वाटेने एक जीबी यावयास साडेनऊ दिवस लागले असते. तेही टेलिफोनची लाइन मध्येच न तुटती तर!

तेव्हा २००४ मधील यूसेंडइट आणि २००९ मधील डच वीट्रान्स्फर यांसारख्यांनी निराळी तोड काढली: माल वखारीत ठेवावा आणि ईमेलने तिचा पत्ता तेवढा कळवावा. या व्यवस्थेत ‘खासगी’ म्हणजे तर्काने न सापडणारा लांबलचक पत्ता, एवढेच. तो ज्याच्या हाती पडेल त्यास दार उघडे, आणि माल पाहावयाचा ठरविल्यास वखारदारास अडविणारे काही नव्हते.

वखारीवरच जप्ती आली म्हणजे काय होते, हे १९ जानेवारी २०१२ रोजी दिसले. चोरीच्या चित्रपटांच्या आरोपावरून अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही अशीच एक वखार बंद केली, आणि त्या मुद्देमालाबरोबर निरपराध लोकांच्या फायलीही अडकल्या. ओहायोतील शाळकरी सामन्यांचे चित्रण करून पोट भरणाऱ्या एका गृहस्थाची स्वतःची हार्ड डिस्क नेमकी काही दिवसांपूर्वीच बिघडली होती. दुसरी प्रत मेगाअपलोडवर, म्हणून ते व्हर्जिनियातील न्यायालयात अर्ज घेऊन उभे राहिले. खटला दुसऱ्याचा, माल आपला, आणि तो परत मागावयाचा कोणाकडे हेच ठरेना, असा तो पेच होता.

बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेस, मेगाअपलोडचे किम डॉटकॉम यांनी न्यूझीलंडमधून ‘मेगा’ सुरू केले. तेथे फाईल पाठविणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच कूटबद्ध होई, आणि किल्ली दुव्यातील # या चिन्हापुढे ठेवता येई. त्या चिन्हापुढचा मजकूर ब्राउझर सर्व्हरकडे पाठवीतच नसल्यामुळे वखारदारास लाखेची मोहोर लावलेला लखोटाच तेवढा मिळे. योजना चतुर खरी, पण लोक तो अख्खा दुवा साध्या ईमेलनेच धाडीत, म्हणजे लखोटा आणि तो उघडण्याचा अधिकार दोन्ही एकाच जासुदाच्या हवाली करीत.

मोझिलाने मार्च २०१९ मध्ये खुली केलेली ‘फायरफॉक्स सेंड’ ही सेवा याच पद्धतीने अडीच जीबीपर्यंतचा माल नेत असे, आणि ठरल्या मुदतीनंतर तो आपोआप नष्ट करी. ही सोय पत्रकारांना जितकी आवडली तितकीच उपद्रवी प्रोग्राम पसरविणाऱ्यांनाही आवडली. आतले काही दिसत नसल्याने भला माल आणि बुरा माल निवडावा कसा, हे संस्थेस उमगेना. जुलै २०२० मध्ये तिने ही सेवा स्थगित केली आणि सप्टेंबरात ती कायमची गुंडाळली.