प्लिनीचा पोपट आणि भिसेगावचा कॉकटील

कर्जत स्टेशनाजवळच्या भिसेगावात राहणारी नववीतली एक मुलगी जून महिन्यात मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिच्या घरी कॉकटीलचे चार महिन्यांचे पिल्लू आणले होते. दांडीवर, हातावर, खांद्यावर ते मजेत बसे. पण टेबलावर किंवा लादीवर ठेवले की पंख अर्धवट पसरून, पोट टेकून थरथरत राही, चोच लादीला लावी आणि संधी मिळताच कुणाच्या तरी पायावरून वर चढू लागे. ज्या दुकानातून ते आणले तिथे सांगण्यात आले, “या पक्ष्यांचे पाय कमजोरच असतात. खाली सोडू नका, पिंजऱ्यातच ठेवा.” घरच्यांनी ते मान्य केले. मुलीला ते पटले नव्हते. “सर, पाय कमजोर असते तर तो जाळीला उलटा लटकला असता का?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळले की दुकानातले ते मत मुळात दुकानदाराचे नव्हतेच. ते जवळजवळ साडेएकोणीसशे वर्षांपूर्वीचे होते.

रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास निसर्गाचा एक प्रचंड कोश लिहून पुरा केला. (दोनच वर्षांनी, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो मरण पावला.) त्यात पोपटाचे वर्णन आहे. हा पक्षी हिंदुस्थानातून येतो, अंगाने हिरवा असतो आणि त्याच्या मानेभोवती लालसर कडे असते, असे तो सांगतो. म्हणजे हा आपल्याच आंब्या-पिंपळांवरचा पोपट, किंवा त्याचा थोरला भाऊ. कल्याणसारख्या बंदरांचा रोमशी व्यापार चालू होता तो हाच काळ. बोरघाटाच्या पायथ्याची, आपल्या कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी तेव्हा कोरून झालेली होती.

पुढे प्लिनी दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी : पोपट उडत खाली उतरतो तेव्हा चोचीवर भार घेतो, तिच्यावर रेलतो, कारण त्याचे पाय दुबळे असतात. दुसरी अशी : पोपटाला बोलायला शिकवताना डोक्यावर लोखंडी कांबीने मारावे, कारण डोके इतके टणक की त्याखेरीज त्याला मार लागतच नाही.

पहिले विधान शिक्षकांनी वर्गात जरूर वापरावे. निरीक्षण आणि अनुमान यांत फरक काय, हे दाखवायला याहून सोयीचे उदाहरण सहसा मिळत नाही. पोपट चोच टेकतो, हे निरीक्षण. भिसेगावच्या पिल्लाने नेमके तेच केले होते. पाय दुबळे म्हणून टेकतो, हे अनुमान. पहिले खरे म्हणून दुसरेही खरे मानले गेले. प्लिनीचा कोश पुढे युरोपात शतकानुशतके प्रमाण मानला जात असल्यामुळे त्यातले खरे-खोटे दोन्ही टिकून राहिले.

आपल्याकडे पोपटाला शिकवण्याची परंपरा याहून सौम्य असावी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. त्या यादीत ती सुसंस्कृत नागरिकाच्या शिक्षणाचा भाग म्हणून येते. पण पोपटाच्या पायांविषयी मला जे सापडले ते तिथे नव्हे, बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त.

बाणभट्ट सातव्या शतकातला, हर्षवर्धनाच्या दरबारातला. त्याच्या या ग्रंथाच्या नावावरून मराठीत एका अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव पडले, हे मराठीचे शिक्षक सांगतीलच. त्या कथेतला वैशंपायन नावाचा पोपट आपले बालपण सांगतो. विंध्यारण्यातल्या एका जुन्या सावरीच्या ढोलीत तो जन्मतो. एक म्हातारा शिकारी झाडावर चढून पिल्ले मारून खाली फेकतो. वैशंपायन बापाच्या पंखाखाली लपलेला असतो. बाप मारला जातो आणि त्याच्या देहाबरोबर हे पिल्लू वाळक्या पाचोळ्यावर पडून वाचते. मग तहानेने व्याकूळ होऊन ते पाण्याकडे निघते. पिसे फुटलेली नाहीत, चालण्याची सवय नाही. पडत, धडपडत, कलंडले की पंखाचा टेका घेत ते जाऊ लागते. शेवटी हारीत नावाचा ऋषिकुमार त्याला उचलून पाण्यापाशी नेतो.

ही काव्यातली गोष्ट आहे, प्राणिशास्त्र नव्हे. तरी बाणाने पिल्लाच्या धडपडीचे जे कारण दिले ते प्लिनीच्या कारणापेक्षा अधिक बरोबर आहे. पोपटाची जात दुबळी नाही. हे पिल्लू लहान आहे आणि त्याला सवय नाही. ‘सवय नाही’ हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता पायाकडेच वळू. कावळा, चिमणी, कोंबडी यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. फांदी पकडायला याहून चांगला चिमटा नाही. १८१७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने आपल्या प्राणिवर्गीकरणात अशा बोटांचे सगळे पक्षी एका गटात घातले आणि गटाला नाव दिले ‘चढणारे’. त्यात पोपट आला, सुतार आला आणि कोकीळही आला! कोकिळेला खोडावर चढताना कुणी पाहिले आहे? बोटांची मांडणी एक, म्हणून राहणीही एक, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम. हा गट पुढे मोडीत निघाला. तशी बोटे पक्ष्यांच्या निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडली आहेत, असे आज मानले जाते.

विद्यार्थ्यांना यासाठी परदेशी पुस्तक नको. कर्जत-खालापूरच्या कुठल्याही कुंपणाशी सकाळी उभे राहा. भारद्वाज दिसेल. कोकिळेच्या कुळातला हा पक्षी. त्याचीही बोटे दोन पुढे, दोन मागे. आणि तो दिवसाचा बराचसा वेळ जमिनीवरच रुबाबात चालत किडे, गोगलगायी, सरडे शोधत असतो. म्हणजे सपाट जागेवर चालणे या बोटांमुळे अडत नाही. फरक आहे तो पायाच्या उंचीत. बोटांच्या वरचा जो भाग पक्षी चालताना टेकत नाही, तो भारद्वाजात लांब आणि पोपटात आखूड असतो. म्हणून पोपट चालताना झुलतो, पंजे आत वळवून टाकतो. हे दिसायला बेंगरूळ असते, इतकेच.

ही बोटे मागे वळतात कशी, याचा शोध २०१४ मध्ये चिलीतल्या संशोधकांनी घेतला. बजरीगर या छोट्या पोपटाच्या अंड्यातल्या गर्भात चौथे बोट आधी पुढेच असते. स्नायूंच्या एकतर्फी ओढीने ते मागे फिरते. गर्भाच्या स्नायूंची हालचाल औषधाने थांबवली तर बोट फिरतच नाही. पायाचा आकारही हालचालीतून घडतो, ही गोष्ट मला फार आवडली.

चोचीचा उलगडा व्हायला २०२२ साल उजाडले. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी लवबर्ड जातीच्या छोट्या पोपटांना कमी-जास्त उताराच्या पट्टीवरून चालवले. पट्टीत दाब मोजणारे उपकरण होते. पट्टी सपाट असताना पक्षी दोन पायांवर चालले. चढ साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की पाय, पाय, चोच असा क्रम सुरू झाला. आणि चोचीचा जोर पायाच्या जोराइतका, कधी त्याहूनही जास्त भरला. चोच ही दुबळ्या पायांची कुबडी नाही, चढणीवरचा तिसरा पाय आहे. मग सपाट लादीवर पिल्लू चोच का लावते? पोपट पाळणारे हे रोज पाहतात : नव्या दांडीवर किंवा अनोळखी हातावर पाऊल ठेवण्याआधी पोपट ती चोचीने चाचपतो. जागा भक्कम आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. प्लिनीने पाहिलेल्या पोपटाचेही बहुधा हेच चालले असावे.

खरी गंमत तर पुढे आहे. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियातला, आणि तिथे त्याचे थवे गवताचे बी टिपायला जमिनीवरच उतरतात! आपले रानपोपटही सांडलेले दाणे टिपायला जमिनीवर येतात. न्यूझीलंडचा काकापो तर उडतच नाही, चालतो. आणि बहुतेक पोपटांचे पिल्लू पहिले काही आठवडे ढोलीच्या तळाशीच, म्हणजे जवळजवळ सपाट जागेवर काढते. पण तिथे भुसा असतो, भावंडे चिकटून असतात. पाय घसरत नाही. सपाट लादीवर मात्र नख्या रुतत नाहीत. पिल्लांना गुळगुळीत तळावर वाढवले तर पाय बाजूला फाकतातही. भिसेगावच्या पिल्लाला सपाटीचे भय नव्हते, घसरण्याचे होते. आणि दुकानातल्या पिंजऱ्यात दांडीखेरीज त्याने काही पाहिलेच नव्हते.

भय घालवायचे कसे? प्लिनीची कांब अर्थातच नको. १९४३ साली अमेरिकेत मिनिआपोलिस शहरातल्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर मानसशास्त्रज्ञ स्किनर आणि त्याचे सहकारी एका कबुतराला लाकडी चेंडू चोचीने ढकलायला शिकवत होते. पूर्ण कृती होण्याची वाट पाहिली, ती होईना. मग कबुतराने चेंडूकडे नुसते पाहिले तरी दाणा द्यायचा, नंतर चोच तिकडे वळली की, नंतर स्पर्श झाला की, असे त्यांनी ठरवले. काही मिनिटांत कबुतर चेंडू भिंतींवर आपटू लागले. अपेक्षित कृतीच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पावलाला बक्षीस, ही ती युक्ती. आपल्या रस्त्यांवरचे पोपटवाले ज्योतिषी तीच वापरत आले. त्यांचा पोपट पिंजऱ्यातून उतरून जमिनीवर मांडलेल्या चिठ्ठ्यांवरून चालतो, एक उचलतो, दाणा घेऊन परत जातो. त्याचे पंख छाटलेले असत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. भारतातले रानपोपट पकडणे, विकणे आणि पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; ढोलीतले पिल्लू कुणी “घ्या हो, फुकट” म्हणून दिले तरीही.

आम्ही दांडीपासून सुरुवात केली. जेवायच्या पाटावर गोणपाट घट्ट ताणून बसवले आणि त्यावर दोन बोटे उंचीची दांडी. पंखा बंद, खिडकी बंद, पिंजऱ्याचे दार मात्र उघडे, कारण परतीची वाट मोकळी असली तरच पक्षी पुढे येतो. राळ्याचे कणीस आधी दांडीजवळ धरायचे, मग दांडीच्या पायथ्याशी, मग वीतभर दूर. ढकलायचे नाही, उचलून ठेवायचे नाही. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटे. मुलगी वहीत तारीख आणि अंतर लिहून ठेवी. नवव्या दिवशी एक पाय गोणपाटावर आला. बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात परातीचा दणका झाला आणि पुढचे चार दिवस स्वारी दांडीवरून हलली नाही. वहीतला तो सपाट आलेख पाहून मुलगी हिरमुसली. मला मात्र सगळ्या वहीत तेवढाच भाग सर्वांत मोलाचा वाटला. मग पुन्हा दांडीच्या पायथ्यापासून आरंभ.

पंचविसाव्या दिवशी दांडी काढून टाकली. ऑगस्टच्या अखेरीस मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पक्षी चटईवर होता. झुलत झुलत माझ्या चपलेपर्यंत आला, तिला चोच लावून पाहिली आणि वर चढला.